चोवीस विरुद्ध दोन: दंड चुकवण्यासाठी मैदानात उतरवलेला संघ

१८ मे १९१२, शनिवार. फिलाडेल्फियाच्या शाइब पार्क मैदानावर डेट्रॉइट टायगर्स हा संघ फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडून २४-२ असा हरला. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला २४ हा आकडा फारच किरकोळ वाटेल. पण त्या काळच्या अमेरिकन बेसबॉलमध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी चार-साडेचार धावा काढायचा. म्हणजे अ‍ॅथलेटिक्सने पाच सामन्यांच्या धावा एका दुपारीत काढल्या.

त्यातही खरी गंमत धावांची नाही. डेट्रॉइटकडून पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत गोलंदाजी करणारा अ‍ॅलन ट्रॅव्हर्स हा २० वर्षांचा कॉलेज विद्यार्थी होता. तो कॉलेजच्या संघातसुद्धा खेळत नव्हता. त्या संघाचा सहायक व्यवस्थापक म्हणून काम बघायचा. त्याच्या मागे क्षेत्ररक्षणाला उभी असलेली पोरं बहुतेक फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून गोळा केलेली होती. हा काही प्रदर्शनीय सामना नव्हता. अमेरिकन लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या व्यावसायिक लीगपैकी एकीचा, अधिकृत सामना होता, गुणतक्त्यात धरला गेला आणि आजही प्रत्येक बेसबॉल कोशात त्याची नोंद आहे.

असं कसं झालं, हे समजून घ्यायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे बेसबॉलचे नियम, म्हणजे या खेळात एकतर्फीपणाला लगाम का बसत नाही ते. दुसरी म्हणजे त्या काळचे खेळाडूंचे करार. माझ्या मते ही धावसंख्या मैदानात ठरलीच नाही. ती ठरली लीगच्या एका दंडाच्या कलमात, आणि ती कशी, ते पुढे येईलच. आधी नियम.

बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना नऊ-नऊ डाव मिळतात. डाव तीन खेळाडू बाद झाले की संपतो. षटकांचं बंधन नाही, चेंडूंचं नाही, घड्याळाचंही नाही. पिचर सुमारे साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो, तो बॅटरने मारायचा आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या बेसवरून धावत पुन्हा सुरुवातीच्या जागी, होम प्लेटवर यायचं. असा एक फेरा पूर्ण झाला की एक धाव. एकाच फटक्यात फेरा पूर्ण व्हायलाच हवा असं नाही. बॅटर पहिल्या बेसवर थांबू शकतो, मग पुढच्याच्या फटक्यावर पुढे सरकतो. त्यामुळे धावा साचत जातात: बेसवर माणसं उभी असताना एक बरा फटका बसला की दोन-तीन जण एकदम घरी येतात.

आता यातली मेख बघा. क्रिकेटमध्ये समोरचा संघ कितीही दुबळा असला तरी मर्यादित षटकांच्या सामन्यात षटकं कधीतरी संपतात, कसोटीत कर्णधार डाव घोषित करतो. बेसबॉलमध्ये या दोन्ही सोयी नाहीत. गोलंदाजी करणाऱ्या संघाला तीन बळी घ्यावेच लागतात, त्याशिवाय सुटका नाही. बळी घेता येत नसतील तर समोरचे मारत राहतात आणि डाव चालू राहतो. शाळकरी आणि हौशी स्पर्धांमध्ये ठरावीक फरक पडला की सामना थांबवण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये तो तेव्हाही नव्हता, आताही नाही.

आणि बळी घेणं हे सगळ्यात जास्त पिचरवर अवलंबून असतं. तो स्वतः बॅटरला चकवून बाद करू शकतो, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. बाकीचे बळी क्षेत्ररक्षकांकडून येतात: उडालेला झेल, किंवा जमिनीवरून गेलेला चेंडू उचलून बॅटरच्या आधी पहिल्या बेसवर पोचवणं. या दुसऱ्या प्रकारात चेंडू अडवणारा, फेकणारा आणि बेसवर झेलणारा असे सगळे बरोबर असावे लागतात, आणि तेही चार सेकंदांच्या आसपास. व्यावसायिक खेळाडू हे सहज करतात म्हणून ते सोपं दिसतं. नवख्याला त्याच जागी उभं करा, म्हणजे कळतं.

तर असा हा खेळ. आता टायगर्सच्या पटाईत खेळाडूंचं काय झालं होतं?

टायगर्स हा तेव्हाचा दमदार संघ. ह्युई जेनिंग्ज या व्यवस्थापकाच्या हाताखाली त्यांनी १९०७, १९०८ आणि १९०९ अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकन लीग जिंकली होती. त्यांचा मुख्य खेळाडू होता टाय कॉब. बॅटिंगची सरासरी हे त्या काळातलं सर्वांत मानाचं मोजमाप, आणि १९११ आणि १९१२ अशा दोन्ही हंगामांत त्याची सरासरी .४०० च्या वर होती, म्हणजे दहा संधींपैकी चारहून अधिक वेळा यशस्वी फटका. तीन वेळा यश मिळालं तरी खेळाडू उत्तम समजला जातो. मात्र कॉब स्वभावाने अत्यंत तापट होता आणि त्याच्याच संघातल्या अनेकांशी त्याचं पटत नव्हतं. हा तपशील लक्षात ठेवा.

१५ मे रोजी टायगर्स न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कवर खेळत होते. समोर होता हायलँडर्स, म्हणजे पुढे यांकीज नावाने गाजलेला संघ. प्रेक्षकांतला क्लॉड ल्यूकर नावाचा माणूस कॉबला सतत शिव्या देत होता. त्यात कॉबच्या वंशावरून केलेली एक शिवी होती, आणि जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यातून आलेल्या त्या काळच्या गोऱ्या माणसाला ती सर्वांत झोंबणारी होती. ती झोंबत होती यातच त्या काळाचा वंशद्वेषही आला. खेळाडू मैदानात उतरलेला असताना प्रेक्षकांनी त्याला काहीही बोलावं, हा तेव्हा तिकिटाबरोबर मिळणारा हक्कच समजला जाई. चौथ्या डावाच्या सुमारास कॉबचा संयम सुटला. तो कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसला आणि त्याने ल्यूकरला लाथा-बुक्क्यांनी तुडवलं.

ल्यूकरला एक हात नव्हता आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं छापखान्यातल्या अपघातात गेली होती. कुणीतरी ओरडून हे सांगितलं, तेव्हा कॉबने ‘त्याला पाय नसते तरी मला पर्वा नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं, असं त्या घटनेबद्दल नेहमी सांगितलं जातं. कॉबची बाजू घेऊ पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते, आणि व्हायलाच हवी.

अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन त्या दिवशी योगायोगाने मैदानात हजर होता. त्याने कॉबला बेमुदत निलंबित केलं. चौकशी नाही, कॉबचं म्हणणं ऐकून घेणं नाही. तक्रार ऐकणारा तोच, निकाल देणारा तोच, आणि अपील करायचं तर तेही त्याच्याकडेच.

टायगर्स तिथून फिलाडेल्फियाला आले. १७ मेचा सामना ते कॉबशिवाय खेळले आणि ६-३ असा जिंकले. त्यानंतर खेळाडूंनी जॉन्सनला तार पाठवली: कॉबवर अन्याय झाला आहे, तो परत येत नाही तोवर आम्ही खेळणार नाही, खेळाडूंना संरक्षण मिळत नसेल तर आम्हालाच आमचं संरक्षण करावं लागेल. खाली त्यांच्या सह्या होत्या.

कॉबशी न पटणाऱ्यांनीही सह्या केल्या. यामागे मैत्री नव्हती. आपल्या बाबतीतही उद्या हेच होऊ शकतं, हा हिशोब होता. आणि थोडा स्वार्थही असणार, कारण कॉबशिवाय जिंकायचे वांधे होते.

आता करारांकडे येऊ, कारण हा संप किती धाडसाचा होता ते त्याशिवाय कळत नाही. व्यावसायिक बेसबॉलपटूचा करार बहुधा एका वर्षाचा असे. पण त्यात एक राखीव कलम असायचं: हंगाम संपल्यावरही पुढच्या वर्षी त्या खेळाडूवर त्याच क्लबचा हक्क. पुढच्या वर्षीच्या करारात पुन्हा तेच कलम. म्हणजे कागदावर करार एका वर्षाचा, प्रत्यक्षात जन्मभराचा. हंगाम संपला म्हणून जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. क्लब मात्र खेळाडूला विकू शकत होता, दुसऱ्याशी अदलाबदल करू शकत होता, आणि नको असेल तर दहा दिवसांची सूचना देऊन मोकळा करू शकत होता. मालकांनी ही पद्धत १८७९ मध्ये प्रत्येक संघातल्या पाच खेळाडूंपासून सुरू केली आणि दशकभरात ती सगळ्यांवर लादली. खेळाडूच्या हातात उरला एकच उपाय: न खेळणं. तोही एकट्याने वापरला तर नुसती उपासमार.

टायगर्सच्या खेळाडूंनी तो उपाय एकत्र वापरायचं ठरवलं. विसाव्या शतकातल्या मोठ्या लीगमधला खेळाडूंचा हा पहिला संप मानला जातो.

आता तो दंड. लीगच्या नियमानुसार जो क्लब ठरलेल्या सामन्यासाठी संघ मैदानात उतरवणार नाही त्याला सामन्यामागे ५,००० डॉलर दंड होता. त्या काळी बऱ्याच खेळाडूंना वर्षभर खेळूनही एवढी रक्कम मिळत नसे. टायगर्सचा मालक फ्रँक नॅव्हिन हिशोबी माणूस. त्याने जेनिंग्जला कळवलं: काहीही कर, नऊ माणसं उभी कर.

नियमाची शब्दरचनाच अशी होती की संघ हवा, चांगला संघ हवा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. लीगला वेळापत्रक पाळलं जायला हवं होतं, तिकिटं विकली जायला हवी होती, यजमान क्लबचं नुकसान व्हायला नको होतं. खेळाचा दर्जा खेळाडूंकडून आपोआप येतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. खेळाडूच बाजूला झाले आणि त्या गृहीतकातली फट उघडी पडली. नॅव्हिनसाठी हिशोब सरळ होता: संघ उभा केला नाही तर पाच हजार, उभा केला आणि कितीही फरकाने हरला तर थोडी मजुरी. पन्नास धावांनी हरला असता तरी त्याचा एक डॉलर जास्त गेला नसता.

फिलाडेल्फियातला जो नोलन हा क्रीडा पत्रकार सेंट जोसेफ कॉलेजच्या ट्रॅव्हर्सला ओळखत होता. त्याने ट्रॅव्हर्सला माणसं गोळा करायला सांगितलं. ट्रॅव्हर्सने जवळच्या एका चौकात टवाळक्या करत उभी असलेली पोरं पकडली. त्यांना वाटलं होतं की प्रत्यक्षात खेळावं लागणारच नाही, टायगर्स ऐनवेळी मैदानात येतील. काही हौशी खेळाडू दुसरीकडून आले. डेट्रॉइटच्या बाजूने डीकन मॅक्ग्वायर आणि जो सगडन हे दोन प्रशिक्षक होते. मॅक्ग्वायरचं वय ४८, सगडन चाळिशी ओलांडलेला. दोघेही जुने खेळाडू. त्यांनाही गणवेश चढवायला लावला.

सामन्याच्या वेळी टायगर्सचे खरे खेळाडू गणवेशात मैदानावर आले, कॉबही आला. पंचांनी कॉबला खेळता येणार नाही असं सांगितलं. त्याबरोबर सगळा संघ मागे फिरला, कपडे बदलले आणि बाहेर पडला. त्यांचेच गणवेश या नव्या पोरांच्या अंगावर चढले. स्टँडमध्ये पंधरा-वीस हजार लोक होते.

पिचर कोण होणार? पिचरला इतरांपेक्षा जास्त पैसे आहेत हे कळल्यावर ट्रॅव्हर्स पुढे झाला. त्याने आयुष्यात कधी सामन्यात पिचिंग केलं नव्हतं.

समोरचा अ‍ॅथलेटिक्सचा संघ १९१० आणि १९११ अशा दोन वर्षांचा विश्वविजेता. एडी कॉलिन्स, फ्रँक बेकर, स्टफी मॅकिनिस आणि जॅक बॅरी ही त्यांची आतल्या क्षेत्ररक्षणाची चौकडी ‘एक लाख डॉलरची’ म्हणून प्रसिद्ध होती. पिचर जॅक कूम्ब्सने १९१० च्या हंगामात ३१ सामने जिंकले होते. त्यांचा व्यवस्थापक कॉनी मॅक सभ्य गृहस्थ म्हणून ओळखला जायचा, पण त्या दिवशी त्याने कुणाला विश्रांती दिली नाही. कूम्ब्सने सुरुवात केली, मग बोर्डवॉक ब्राउन आला, आणि शेवटी हर्ब पेनॉक हा अठरा वर्षांचा डावखुरा, ज्याचं मोठ्या लीगमधलं पदार्पण चारच दिवसांपूर्वी झालं होतं. पुढे तोही महान पिचरांत गणला गेला. मॅकला दोष द्यावा का, यावर मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. सामना अधिकृत होता, निकाल तक्त्यात धरला जाणार होता, हंगाम चुरशीचा होता. दया दाखवून दुसरी फळी उतरवली असती तर लीगमधल्या इतर संघांनी बोंब मारली असती.

पहिल्या चार डावांत मात्र धावा ६-० एवढ्याच झाल्या होत्या. विश्वविजेत्यांसमोर कधी पिचिंग न केलेला मुलगा, आणि चार डावांत सहा धावा. हे कसं जमलं? जेनिंग्जने ट्रॅव्हर्सला वेगवान चेंडू टाकूच नकोस असं बजावलं होतं, कारण जोरात परतलेला चेंडू अंगावर बसून पोरगा जायचा, ही त्याला भीती. मग ट्रॅव्हर्स संथ वळणारे चेंडू टाकत राहिला. मोठ्या लीगमधल्या बॅटरांची नजर आणि हात वेगाला सरावलेले असतात. एवढा हळू चेंडू आला की ते फटका आधीच फिरवून बसतात. काही काळ तरी.

मग अ‍ॅथलेटिक्सला उपाय सापडला: बंट. म्हणजे चेंडू मारायचा नाही, बॅट नुसती मध्ये धरून तो पायापाशी टाकायचा आणि पळायचं. असा चेंडू तीस-चाळीस फुटांवर मरगळून थांबतो. तिथपर्यंत धावत येऊन, उचलून, त्याच झटक्यात पहिल्या बेसवर फेकणं हे सरावाशिवाय अशक्य. तिसऱ्या बेसवर बिली महार्ग नावाचा मुष्टियोद्धा उभा होता. आपलं बरं चाललं होतं, पण त्यांनी बंट सुरू केले आणि तिसऱ्या बेसवरच्या माणसाला बेसबॉल येतच नव्हतं, अशा अर्थाचं ट्रॅव्हर्सने पुढे सांगितलं आहे. पाचव्या डावात आठ धावा झाल्या. सहाव्यात चार, सातव्यात चार, आठव्यात दोन.

अ‍ॅथलेटिक्स हा यजमान संघ. यजमान दुसऱ्यांदा बॅटिंग करतो, आणि पाहुण्यांचा नववा डाव संपल्यावर तो पुढेच असेल तर त्याला स्वतःचा नववा डाव खेळावा लागत नाही. म्हणून ट्रॅव्हर्सला आठच डाव पिचिंग करावं लागलं.

आता त्या धावफलकाचं वाचन करू. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग तोच वाटतो. आठ डाव म्हणजे चोवीस बळी. ट्रॅव्हर्सने चोवीस धावा दिल्या. म्हणजे प्रत्येक बळीमागे बरोबर एक धाव. त्या चोवीस बळींत स्ट्राइकआउट फक्त एक. उरलेले तेवीस चौकातल्या त्या पोरांनी आणि दोन म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे मिळवले. हसायच्या आधी हे तेवीस बळी डोळ्यांसमोर आणावेत. हा संघ आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वातच नव्हता.

त्या चोवीस धावांचे बेसबॉलच्या हिशोबात दोन भाग पडतात. क्षेत्ररक्षकाची चूक झाली नसती तरीही झाल्या असत्या अशा धावा पिचरच्या नावावर लागतात. त्यांना अर्जित धावा म्हणू. चुकीमुळे झालेल्या धावा त्याच्या हिशोबातून वगळतात. ट्रॅव्हर्सच्या २४ पैकी १४ अर्जित ठरल्या, १० क्षेत्ररक्षणाच्या खात्यावर गेल्या. क्षेत्ररक्षणातली चूक एका धावेवर थांबत नाही, हे इथे समजून घ्यायला हवं. सोपा बळी सुटला की त्या डावात पिचरला तीनऐवजी चार बळी घ्यावे लागतात. बेसवर एक माणूस वाढतो आणि पुढचा प्रत्येक फटका महाग होतो. दुबळा पिचर आणि दुबळं क्षेत्ररक्षण यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

पिचरची सरासरी नऊ डावांच्या हिशोबाने काढतात. आठ डावांत १४ अर्जित धावा, म्हणजे नऊ डावांना १५.७५. ट्रॅव्हर्स पुन्हा कधी मोठ्या लीगमध्ये खेळला नाही, त्यामुळे हीच त्याची कारकिर्दीची सरासरी. त्याच्या गोलंदाजीवर २६ यशस्वी फटके बसले आणि ७ बॅटरांना त्याने चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिला बेस दिला. एका पिचरने एका सामन्यात दिलेल्या २४ धावा हा अमेरिकन लीगचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

डेट्रॉइटच्या बाजूने एकूण चार यशस्वी फटके लागले. दोन मॅक्ग्वायर आणि सगडन या प्रशिक्षकांचे. उरलेले दोन्ही एड आयर्विन या स्थानिक खेळाडूचे, आणि दोन्ही वेळा त्याने एका फटक्यात तिसरा बेस गाठला. तीन संधी, दोन फटके, सरासरी .६६७. कॉबची कारकिर्दीची सरासरी .३६६ च्या आसपास. आकडेवारीच्या रकान्यात आयर्विन कॉबच्या दुपटीजवळ आहे, आणि तो तिथे कायमचा राहील, कारण त्याला पुढे मोठ्या लीगचा एकही सामना मिळाला नाही. सरासरी किती सामन्यांची आहे हे न बघता आकडे वाचणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावं.

फिलाडेल्फियात त्या काळी रविवारी व्यावसायिक खेळांना बंदी होती, त्यामुळे १९ तारखेला सामना नव्हता. सोमवारचा सामना पुढे ढकलला गेला. चिडलेला जॉन्सन स्वतः फिलाडेल्फियात आला आणि परत खेळला नाहीत तर कायमचे बाहेर काढीन अशी धमकी त्याने दिली. राखीव कलम असल्यावर ही धमकी पोकळ नव्हती: एका लीगने बाहेर काढलेल्या खेळाडूला दुसरी मोठी लीग घेत नव्हती. शेवटी कॉबनेच सहकाऱ्यांना परत जायला सांगितलं. २१ मे रोजी टायगर्सचा खरा संघ वॉशिंग्टनमध्ये खेळला.

शिक्षा अशी झाली: कॉबला ५० डॉलर दंड आणि दहा दिवसांचं निलंबन. संप करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला १०० डॉलर. म्हणजे अपंग प्रेक्षकाला मारणं जॉन्सनच्या लेखी ५० डॉलरचं, आणि सहकाऱ्यासाठी एक सामना न खेळणं १०० डॉलरचं. मालकांना नेमकी कशाची भीती वाटत होती, ते या दोन आकड्यांत पुरतं दिसतं.

संप हरला, पण चार महिन्यांनी, सप्टेंबर १९१२ मध्ये, खेळाडूंनी संघटना उभी केली. अध्यक्ष डेव्हिड फुल्ट्झ, माजी खेळाडू आणि वकील. १९१४ च्या सुरुवातीला मालकांना या संघटनेच्या काही मागण्या मान्य कराव्या लागल्या. मागण्या बघितल्या तर आधीची अवस्था कळते: गणवेशाचा खर्च क्लबने करावा, आणि पिचरच्या मागची, लांबच्या कुंपणाची भिंत गडद रंगाची असावी, म्हणजे बॅटरला पांढरा चेंडू वेळेत दिसेल आणि डोक्यात बसणार नाही. राखीव कलमाला मात्र या संघटनेने धक्का लावला नाही, आणि काही वर्षांतच तीही विरून गेली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही असा निकाल दिला आणि मालक आणखी निर्धास्त झाले. ते कलम मोडलं थेट डिसेंबर १९७५ मध्ये, पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने. त्या संपानंतर त्रेसष्ट वर्षांनी.

सामन्यातल्या माणसांचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगायला हवं. ट्रॅव्हर्स जेझुइट पंथात गेला, १९२६ मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि उरलेलं आयुष्य त्याने शिकवण्यात घालवलं. मोठ्या लीगमध्ये खेळलेला तो एकमेव कॅथलिक पाद्री समजला जातो. मध्य मैदानात कॉबच्या जागी उभा राहिलेला बिल लाइनहाउजर फिलाडेल्फियाच्या पोलीस दलात होता. बिली महार्गचं नाव मात्र पुन्हा वर आलं, आणि तेही फार मोठ्या प्रकरणात. १९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संगनमत करून मुद्दाम गमावली होती. सप्टेंबर १९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राला ती आतली कहाणी सांगणारा माणूस हाच महार्ग. तो त्या जुगारी साखळीतलाच एक होता.

ट्रॅव्हर्सचा विक्रम इतका टिकलाय याचं कारण मात्र त्याच्या गोलंदाजीत शोधू नये. आज कुठलाही व्यवस्थापक पिचरला चोवीस धावा होईपर्यंत उभा ठेवणार नाही. जेनिंग्जपुढे पर्यायच नव्हता. ट्रॅव्हर्सला काढला असता तर पुढचा कोण, तिसऱ्या बेसवरचा मुष्टियोद्धा? याउलट २२ ऑगस्ट २००७ ची गोष्ट घ्या. त्या दिवशी टेक्सास रेंजर्सने बाल्टिमोर ओरिओल्सला ३०-३ असं हरवलं. १९०० नंतरच्या मोठ्या लीगमध्ये एका संघाने एका सामन्यात काढलेल्या या सर्वांत जास्त धावा. बाल्टिमोर सुरुवातीला ३-० ने पुढे होता, संप नव्हता, दंड नव्हता, सगळे करारबद्ध व्यावसायिक खेळाडू. त्या तीस धावा चार पिचरांत वाटल्या गेल्या: सहा, आठ, सात आणि नऊ.